विज्ञानाचे संदर्भ शोधताना आणि लिहिताना : अमेरिकेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

ऑगस्टमध्ये पुणे, नागपूर, कोल्हापूर, नांदेड इथून विज्ञान शिकायला येणाऱ्या मुलामुलींना घर, बँक आणि फोन यांबद्दल सांगणारे पुष्कळ जण भेटतात. ग्रंथालयाबद्दल सहसा कोणी सांगत नाही. मिडवेस्टातल्या एका राज्य विद्यापीठात मी शिकायला आले त्याला आता अठरा वर्षे होतील. पहिल्या सत्रात अडखळलेले जे विद्यार्थी मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांना विषय येत होता. संदर्भ कुठून आणायचे आणि ते कसे नोंदवायचे, एवढेच त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून काउंटरवर द्यायचे आणि आतून जे येईल ते घ्यायचे, अशी पद्धत असते. इथे कपाटे उघडी असतात आणि तासन् तास त्यांच्यामध्ये फिरण्याची मुभा असते. ड्युई दशांश वर्गीकरणाप्रमाणे रसायनशास्त्राची पुस्तके ५४० या क्रमांकाखाली शोधण्याची सवय असेल, तर ती बाजूला ठेवावी लागेल, कारण इथल्या बहुतेक विद्यापीठांत लायब्ररी ऑफ काँग्रेसचे वर्गीकरण वापरतात. त्यात विज्ञानासाठी क्यू हे अक्षर आहे : क्यूए गणित, क्यूसी भौतिकशास्त्र, क्यूडी रसायनशास्त्र, क्यूके वनस्पतिशास्त्र, क्यूएल प्राणिशास्त्र. हवे ते पुस्तक सापडले की त्याच्या शेजारची चार पुस्तकेही चाळा. उपयोगाचे काही तरी तिथे हमखास मिळते. पाहून झालेले पुस्तक मात्र स्वतः कपाटात परत ठेवू नका. ते टेबलावर किंवा ढकलगाडीवर ठेवायचे असते, कारण एकदा चुकीच्या जागी गेलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते. महागडी क्रमिक पुस्तके विकत घेण्यापूर्वी ‘रिझर्व्ह’मध्ये चौकशी करा, प्राध्यापकांनी ठेवायला सांगितलेल्या प्रती तिथे काही तासांसाठी वाचायला मिळतात.

खरे काम शोधनिबंधांचे. गूगल स्कॉलरने सुरुवात करायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. जीवशास्त्र आणि वैद्यकासाठी पबमेड आहे, आणि ते सर्वांना मोफत आहे. रसायनासाठी सायफाइंडर आहे; त्यासाठी विद्यापीठाच्या ईमेलवरून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. एखाद्या जुन्या निबंधाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला, हे वेब ऑफ सायन्समध्ये पाहता येते, आणि माझ्या मते विषयाची वाट समजून घेण्याचा हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. शोधताना शब्दही विचारपूर्वक निवडावे लागतात. पबमेडमध्ये ‘हार्ट अटॅक’ आणि ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ एकाच विषय-शीर्षकाखाली येतात. ते शीर्षक धरून शोधले, तर लेखकाने कोणताही शब्द वापरला असला तरी निबंध हाती लागतो.

घरून शोधताना एखादे संकेतस्थळ एका निबंधासाठी तीस-चाळीस डॉलर मागेल. ते कधीही भरू नका. ग्रंथालयाच्या पानावरून लॉगिन केले, की तोच निबंध बहुधा उघडतो; नाहीच उघडला, तर ‘इंटरलायब्ररी लोन’ची विनंती करा. दुसऱ्या विद्यापीठातून त्याची पीडीएफ सहसा काही दिवसांतच येते, आणि बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला त्यासाठी काहीही द्यावे लागत नाही. प्रत्येक शास्त्रशाखेसाठी नेमलेले ग्रंथपालही असतात. विचारले तर आपल्याला काही येत नाही असे दिसेल, या संकोचाने आपली मुले त्यांच्याकडे जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. विद्यार्थ्यासोबत अर्धा तास बसून शोध लावून देणे हे त्यांचे कामच आहे.

आता संदर्भ लिहिण्याविषयी. ज्या शोधासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, त्यावरचे रामन आणि कृष्णन यांचे १९२८चे टिपण घ्या. ‘नेचर’, खंड १२१, पृष्ठ ५०१. त्याचा डीओआय, म्हणजे निबंधाला कायमचा दिलेला ओळख क्रमांक, १०.१०३८/१२१५०१सी० असा आहे. तिरक्या रेघेनंतरचे अंक पाहिले, तर खंड आणि पान दोन्ही दिसतात. प्रत्येक डीओआयचा असा अर्थ लागत नाही, परंतु संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही, म्हणून तो असेल तिथे अवश्य द्यावा. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत मजकुरात लेखक आणि वर्ष येते, आयईईई पद्धतीत चौकटी कंसातला क्रमांक येतो. कोणती वापरायची हे प्राध्यापकांना आधीच विचारा. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर सूची आपोआप तयार करते, पण बिघडलेली शीर्षके, चुकलेली आडनावे आणि गाळलेली पाने स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी लागतात.

पहिल्या सत्रात मी एका रिव्ह्यू लेखाखालचे (म्हणजे इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखाखालचे) संदर्भ मूळ निबंध न उघडता उतरवून घेतले होते. त्यांतला एक पृष्ठक्रमांक त्या लेखातच चुकलेला होता. प्राध्यापकांनी तो काढून पाहिला, तेव्हा त्या पानावर दुसऱ्याच विषयाचा निबंध निघाला. त्यांनी मला एवढेच विचारले, “हे तू वाचलं आहेस का?” कॉलेजात सीनियरचे प्रात्यक्षिकांचे जर्नल समोर ठेवून आपले जर्नल पुरे करणे कोणाला गैर वाटत नसे; इथे तीच गोष्ट वाङ्मयचौर्यात मोडते आणि प्रकरण चौकशीपर्यंत जाऊ शकते. चार शब्द बदललेले वाक्यही उचललेलेच असते. चॅटबॉटने दिलेली सूची तर मुळीच वापरू नका, कारण त्यातले काही निबंध कधी लिहिलेच गेलेले नसतात. निबंध खरा असला, तरी तो नंतर मागे घेतला गेला आहे का, हेही पाहा : लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’मधला १९९८चा निबंध २०१०मध्ये मागे घेतला गेला.

शेवटी आपल्या नावांविषयी, कारण इथे मराठी माणसाची विशेष अडचण होते. आपले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव यांतले काय पुढे, काय मागे, याचा घोळ पासपोर्टपासूनच सुरू होतो, आणि पाटील, कुलकर्णी, जाधव ही आडनावे पबमेडवर टाकली तर शेकड्यांनी लेखक समोर येतात. पहिला निबंध छापायला देण्याआधी नाव कोणत्या रूपात छापायचे ते ठरवा, ओआरसीआयडी (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक मोफत काढा, आणि लग्नानंतर आडनाव बदलले तरी तोच क्रमांक कायम ठेवा.