अलियाचा विचार चालू आहे? गावाकडच्या बेने इस्राएल घरांनी आधी हे करून घ्या

अलिया म्हणजे ज्यू माणसानं इस्राएलला कायमचं राहायला जाणं, अन् बेने इस्राएल म्हणजे आपण कोकणातले मराठी ज्यू. मुंबई-ठाण्याच्या लोकांचं एक बरं आहे, सिनेगॉग म्हणजे आपलं प्रार्थनाघर जवळ, सोयरे जवळ, कोणता कागद लागते ते शेजारीच कोणीतरी सांगते. पण ज्यांचे आबाजी-पणजोबा रेल्वेच्या नाही तं पीडब्ल्यूडीच्या नोकरीपायी कोकण सोडून इकडे वऱ्हाडात आले, इथंच दोन-चार एकर घेऊन कास्तकार झाले अन् गावात एकटंच घर राहिलं, त्यांना सांगायला कोणी नाही. आमचं घरही तसंच, म्हणून लिहून राहिलो.

सगळ्यात पहिले घरात बसून बोला. अन् सगळ्यांना एकत्र बसवून नाही, एकेकाला वेगळं विचारा, काहून की बाप बोलला की बाकीचे माना हलवतात. सुनेला विचारा, तिचं माहेर तालुक्याला आहे, ती कधी येणार परत? आजीला विचारा, तिला नव्या भाषेत दवाखान्यात एकटं बसता येईल का? इस्राएलमधल्या दिमोना किंवा अश्दोदचे नातेवाईक लग्नाला आले, फोटो दाखवले, अन् त्याच रात्री "चला जाऊ" ठरलं असं करू नका. जमत असेल तं घरातला एक जण आधी टुरिस्ट म्हणून जाऊन त्यांच्याकडे राहून येऊ द्या. दिमोना वाळवंटात आहे, उन्हाचं आपल्याला काही नाही, पण तिकडची हिवाळ्यातली रात्र पाहून यावी.

हक्क कोणाला ते समजून घ्या. इस्राएलचा परतीचा कायदा १९५० चा, अन् १९७० च्या दुरुस्तीनं ज्यू माणसाची मुलं, नातवंडं अन् या सगळ्यांचे नवरा-बायको यांनाही हक्क मिळाला. म्हणजे बायको कुणब्याची की माळ्याची असली तरी कुटुंब जाऊ शकते. पण पुढची गोष्ट कोणी सांगत नाही अन् ती फार महत्त्वाची आहे: धार्मिक कायद्यानं आई ज्यू तं लेकरू ज्यू, अन् इस्राएलमध्ये कोर्ट मॅरेज नसते, ज्यूंचं लग्न रब्बीनेट म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या सरकारमान्य संस्थेमार्फतच होते. आई दुसऱ्या समाजाची असेल तं लेकराला नागरिकत्व मिळेल, पण लग्नाच्या वेळी अडचण येईल, धर्मांतराची प्रक्रिया करा नाही तं दुसऱ्या देशात जाऊन लग्न करून या. पोरगी लग्नाच्या वयाची असेल तं हे तिला आत्ताच सांगा, तिथं जाऊन कळलं तं तिला फार लागते.

आता पुरावे. गावाकडच्या माणसाचं इथंच अडते, अन् इथंच सगळ्यात जास्त वेळ द्या. आई-बापाचा केतुबा, म्हणजे आपला लग्नाचा करारपत्र, घरात पेटीत असेल तं आधी त्याचे चांगले फोटो काढा, जुना कागद घड्यांवर फाटते. नसेल तं लग्न ज्या सिनेगॉगमध्ये लागलं तिथलं रजिस्टर पाहायला जा, अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई, जिथं असेल तिथं. तिथल्या कमिटीचं पत्रही लागेल, अन् ते लोक तुम्हाला ओळखत नसतील तं पत्र कसं देतील, म्हणून निदान सणावाराला तरी जाऊन ओळख ठेवा. आजा-आजीच्या कबरींचे फोटो काढा, दगडावर हिब्रू अन् मराठी दोन्ही अक्षरं असतात ती वाचता आली पाहिजेत, शेवाळ असलं तं पाण्यानं हळू साफ करा, खरवडू नका. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा घ्या, त्यात धर्म-जातीच्या रकान्यात ज्यू, यहुदी, बेने इस्राएल असं काय लिहिलं आहे ते पाहा. अन् जुन्या लोकांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात सापडतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल मागा. जन्माची नोंदच नसेल तं उशिराची नोंद मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं करावी लागते, त्याला वेळ जाते. नावांचा घोळ तं हमखास असते, टीसीवर शलोम, आधारवर श्याम, सातबाऱ्यावर शामराव. हे आधी एकसारखं करा, गॅझेट लागलं तं गॅझेट करा. पीसीसी म्हणजे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्टच्याच वेबसाइटवरून होते. सरकारी कागदांना आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, हा क्रम लक्षात ठेवा.

एवढं कागद-कागद काहून करून राहिलो ते सांगतो. १९५० नंतर पहिले गेलेल्या आपल्या लोकांतले काही भेदभावाला कंटाळून, अलियाचं काम पाहणाऱ्या ज्यू एजन्सी या संस्थेच्या दारात धरणे धरून भारतात परत आले होते, त्यातले बरेच पुन्हा गेले. मग साठच्या दशकात रब्बीनेटनं लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांची वंशावळ तपासा असा हुकूम काढला, आपल्या माणसांनी आंदोलन केलं, अन् १९६४ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्यांनी रस्त्यावर बसून हा मान मिळवला, आपण निदान पेटीतले कागद तं सांभाळू.

दुसरी मोठी गोष्ट शेत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. अलियानं इस्राएलचं नागरिकत्व मिळालं की भारताचं संपते, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, काढावं लागते. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची असलेली ठेवता येते, वारसानं मिळू शकते, पण विकायची तं भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे आज घाईत विकलं अन् चार वर्षांनी परत यावं वाटलं तं तेच शेत पुन्हा घेता येणार नाही. माझं स्पष्ट मत आहे, पहिली दोन-तीन वर्षं शेत विकू नका, बटईनं किंवा मक्त्यानं भावकीत नाही तं भरवशाच्या शेजाऱ्याला द्या, करार लिहून ठेवा. पण जायच्या आधी सातबारा साफ करा, आबाजीचं नाव अजून चालू असेल तं वारसाचा फेरफार पटवाऱ्याकडून करून घ्या, भावा-बहिणीचे हिस्से वाटून घ्या, सोसायटीचं पीक कर्ज भरून बेबाकीचा दाखला घ्या, जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तं परवानगीचं विचारून ठेवा. अनिवासी झाल्यावर पीएम किसानचे हप्ते घेता येत नाहीत, ते स्वतःहून बंद करा. बँकेचं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्या. पेन्शन असेल तं हयातीचा दाखला तिकडून कसा द्यायचा ते बँकेत विचारा.

एजंटच्या नादी लागू नका. इस्राएलसाठी बांधकाम कामगारांची भरती निघते ती वेगळी, तो ठराविक मुदतीचा व्हिसा असते, अलियाचा त्याच्याशी संबंध नाही. अलियाचं काम ज्यू एजन्सीकडून होते, एका बाजूचं विमानाचं तिकीटही त्यातच येते. कोणी लाखात पैसे मागितले तं उठून या.

तिथं गेल्यावर सुरुवातीचे महिने सरकार साल क्लिता म्हणून पैसे देते अन् उल्पानमध्ये साधारण पाच महिने हिब्रू फुकट शिकवतात. त्या पैशाच्या भरवशावर उल्पान पूर्ण करा, काम मिळालं तरी सोडू नका. हिब्रू आली नाही तं माणूस फॅक्टरीच्या एकाच मशीनवर अडकून राहते, पदवी असली तरी. मुला-मुलींना दोघांनाही सैन्यात जावं लागते, किती महिने ते येतानाच्या वयावर अन् लग्नावर ठरते, म्हणून सतरा-अठराच्या पोराला विचारल्याशिवाय त्याच्या वतीनं हो म्हणू नका. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर कोणाला वेगळं सांगायला नको, पण घर भाड्यानं घेताना ममाद म्हणजे सुरक्षित खोली आहे का, नसेल तं इमारतीचा मिक्लात म्हणजे सगळ्यांचा बॉम्बपासूनचा निवारा किती लांब आहे, अन् आजीला सायरन वाजल्यावर तिथं वेळेत पोचता येईल का हे स्वतः चालून पाहा.

वेळ साधायची तं पोराची दहावी-बारावी झाल्यावर, कापूस-तूर घरात येऊन हिशेब मिटल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलनंतर निघा. अन् नागरिकत्व मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट तसाच वापरत राहू नका, तो गुन्हा आहे, तिथल्या भारतीय दूतावासात सरेंडर करून सर्टिफिकेट घ्या. ओसीआयचा अर्ज त्यानंतरच करता येते.