डिस्प्लेसियाचं ग्रेडिंग शिकताय? आधी टुकडा सरळ कापलाय का ते बघा

नवी मुंबईत ओरल पॅथॉलॉजीत एमडीएस केलं, आता ठाण्यात लॅबमध्ये बसते, तरी डिस्प्लेसियाची (कॅन्सरआधीच्या पेशींच्या बिघाडाची) ग्रेड लिहिताना अजून पोटात गोळा येतो. बदल एपिथेलियमच्या, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या, खालच्या एक तृतीयांशात असले तर माइल्ड, मधल्यापर्यंत मॉडरेट, त्याच्याही वर गेले तर सिव्हिअर, हे तुम्हाला पाठ असणारच.

खरा रडवतो तो तिरका काप. एपीएमसीतला माथाडी कामगार, वर्षानुवर्षं एकाच गालात तंबाखूचा बार, तिथे पांढरा चट्टा. बायोप्सीचा एवढुसा टुकडा फॉर्मॅलिनमध्ये कडेने गुंडाळतो, मेणाच्या ब्लॉकमध्ये आडवा बसतो आणि एपिथेलियम उभं कापलं जायच्या ऐवजी तिरकं कापलं जातं. मग बेसल, म्हणजे सगळ्यात खालच्या थरातल्या, पेशींची काळपट गर्दी पार वरपर्यंत गेल्यासारखी दिसते, मायटोसिसही (विभागणाऱ्या पेशी) वर चढल्यासारखे वाटतात आणि हात आपोआप सिव्हिअरकडे जातो. थांबा! एपिथेलियमच्या मधेमधे खालच्या कनेक्टिव टिश्यूची गोल बेटं आहेत का, प्रत्येक बेटाभोवती बेसल पेशींचं कडं आहे का, बेसलपासून सगळ्यात वरच्या केराटिनच्या थरापर्यंत सलग उंची एका तरी जागी मिळतेय का, हे आधी बघा. नसेल मिळत तर तृतीयांश मोजणार कशाचा? टेक्निशियनला ब्लॉक वितळवून टुकडा परत उभा बसवायला सांगा, लेव्हल (आणखी खोलवरचे काप) काढून घ्या, रिपोर्ट एक दिवस उशिरा गेला तरी चालेल. आणि सर्जनला सांगून ठेवा की टुकडा काढल्यावर जाड कागदावर सपाट पसरायचा, जरा चिकटू द्यायचा, मगच बाटलीत टाकायचा.

पण सगळं तिरक्या कापाच्या माथी मारून मोकळंही होऊ नका. न्यूक्लियसचे भलतेसलते आकार आणि ॲबनॉर्मल मायटोसिस नुसत्या कापामुळे येत नाहीत. पेशी फारच बिघडलेल्या असतील तर बदल खालच्या भागात असूनही ग्रेड वर न्यावी लागते. केराटिनमध्ये न्यूट्रोफिल (सूज आली की जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसले की पीएएस (बुरशी दाखवणारा स्टेन) करा, कॅन्डिडा या बुरशीमुळेही पेशी डिस्प्लेसियासारख्या दिसतात.

सिनियरला व्हॉट्सॲपवर एका फील्डचा फोटो पाठवून ग्रेड विचारायची सवय मला अजिबात पटत नाही, त्या फोटोत कापाची दिशा कळतच नाही. गाइड असा धरा जो आधी तुम्हाला बोलायला लावतो, मग स्वतःचं मत सांगतो.

घाबरू नका मात्र. मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टमध्येही मॉडरेटवरून मतभेद होतात, म्हणूनच 2006 मध्ये कुजान आणि सहकाऱ्यांनी दोनच गट सुचवले: रचनेतले किमान 4 आणि पेशींमधले किमान 5 बदल मिळाले तर हाय रिस्क, नाहीतर लो. अडलात की दोघांनी वेगवेगळं बघा, मग बोला.

आणि फॉर्मवर लालपांढरा मिश्र चट्टा लिहिलाय आणि स्लाइडवर जेमतेम माइल्ड दिसतंय, तर रिपोर्ट सोडण्याआधी सर्जनला फोन लावा, टुकडा लाल भागातून घेतला की पांढऱ्या ते विचारा. पांढऱ्यातून असेल तर लाल भागाची बायोप्सी मागा, जास्त बिघाड तिथे असू शकतो.