प्रोटीनचं मॉडेल काढताय? या चुका टाळा

बडोद्यात एम.एस्सी.चे प्रोजेक्ट सुरू झाले की पोरं अल्फाफोल्डची (अमिनो आम्लांच्या साखळीवरून प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणारं एआय) मॉडेलं घेऊन माझ्याकडे येतात. मॉडेल झटपट निघतं, म्हणून विचारही झटपट उरकलेला असतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते म्युटेशनच्या, म्हणजे साखळीतलं एखादं अमिनो आम्ल बदलण्याच्या बाबतीत. सिकलसेल आमच्या शेजारच्या छोटा उदेपूर पट्ट्यातला आजार, त्यामुळे तो विषय हमखास कुणीतरी घेतं. एकानं हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल टाकलं, दोन्ही मॉडेलं एकमेकांवर ठेवली. "सर, कशो फरक नथी!" आणि रिपोर्टात लिहून मोकळा: रचना बदलत नाही, सबब बदल निरुपद्रवी. मी त्याला साखळीतली अक्षरं मोजायला लावली, एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल. डेटाबेसमधली साखळी मेथिओनिनपासून सुरू होते. पेशी ते काढून टाकते आणि आजाराचा तो प्रसिद्ध 'सहावा' आकडा त्यानंतर मोजलेला आहे. ज्याच्या जागी व्हॅलिन यायला हवं ते ग्लुटामेट फाइलमध्ये सातवं, सहावं प्रोलिन. गड्यानं प्रोलिन उडवलं होतं! मी आधी पहिली दहा अक्षरं कागदावर आकड्यांसकट लिहितो, मगच बदल करतो.

बरं, योग्य जागी बदल केला तरी मॉडेल जवळपास तसंच येतं. यायलाच हवं. हे व्हॅलिन पृष्ठभागावर असतं, घडी मोडत नाही. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या हिमोग्लोबिनच्या पाण्याला टाळणाऱ्या खाचेत रुततं आणि रेणूंचे लांब तंतू बनतात. एकट्या साखळीच्या चित्रात हे दिसणार कुठून? एका अक्षराचा परिणाम सांगायला अल्फाफोल्ड बनवलेलंच नाही.

दुसरी खोड रंगांची. पीएलडीडीटी, म्हणजे मॉडेलच्या त्या भागाचा भरवसा सांगणारा आकडा, 90 च्या वर असेल तर गडद निळा, 50 च्या खाली नारिंगी. नारिंगी भाग शेवेसारखा भोवती लोंबत असतो आणि लोक त्यातच औषधाचा रेणू बसवतात! तो भाग बहुधा एकटा असताना ठरावीक आकार घेतच नाही. त्यात हा आकडा फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या रकान्यात बसतो. स्फटिकावर प्रयोग करून काढलेल्या रचनेत तिथे मोठा आकडा म्हणजे डळमळीतपणा, इथे मोठा म्हणजे भरवसा. रंग लावण्याआधी फाइल कुठून आली ते बघा.

सिग्नल पेप्टाइड (काही प्रोटीनांच्या सुरुवातीचा, पेशी नंतर कापून टाकते तो पत्त्यासारखा तुकडा) कापलं का, तपासा. दोन डोमेन (प्रोटीनचे स्वतंत्र घडी घालणारे भाग) एकमेकांशी कसे बसलेत हे पीएई, म्हणजे भागांच्या एकमेकांतल्या जागेत किती चूक असू शकते तो अंदाज, बघितल्याशिवाय बोलू नका. आणि डेटाबेसमधल्या ग्लोबिनच्या मॉडेलात हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा लोहाचा रेणू, नसतं. ऑक्सिजन कुठे बसतो हे त्यात शोधत बसू नका.