बी१ व्हिटॅमिन ताटात येण्याआधीच वाया जातं, ते कसं वाचवायचं

थायमिन म्हणजेच व्हिटॅमिन बी१ लागतं अगदी थोडं. मोठ्या माणसाला दिवसाला १.१ ते १.२ मिलिग्रॅम, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला १.४ च्या आसपास. पण शरीर ते साठवून ठेवत नाही म्हटलं तरी चालेल, सगळा मिळून साठा २५-३० मिलिग्रॅमचा, खाण्यातून येणं बंद झालं की दोन-तीन आठवड्यांत तळ दिसायला लागतो. त्यामुळे एक दिवस भरपूर हेल्दी खाल्लं आणि बाकीचा आठवडा मैद्यावर काढला असं इथे जमत नाही, रोज थोडं थोडं पोटात जायला हवं.

ते करतं काय, तर खाल्लेल्या कार्बोहायड्रेटमधून पेशींना एनर्जी काढायची तर मधल्या काही टप्प्यांवर थायमिन लागतंच, ते नसेल तर पोट भरलेलं असूनही काम अडतं, आणि पहिला फटका बसतो मेंदू, नसा आणि हृदयाला. म्हणजे जो माणूस पांढरा भात, मैदा, साखर यांवरच जगतो त्याला थायमिन लागतं जास्त आणि मिळतं कमी.

धान्यातलं थायमिन असतं कोंड्यात आणि अंकुरात, आणि पॉलिश करताना नेमकं तेच निघून जातं. १८९० च्या दशकात जावामध्ये आइकमन नावाच्या डच डॉक्टरने बघितलं की हॉस्पिटलचा उरलेला पॉलिशचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतायत, मग नवीन आचाऱ्याने तो भात द्यायला नकार दिला, कोंबड्या बिनपॉलिशच्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या! पुढे १९२९ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. (श्रेय थोडं त्या आचाऱ्यालाही द्यायला हवं होतं असं मला वाटतं.)

तर करायचं काय, तर आधी तांदूळ बदला. हातसडीचा चालत असेल तर उत्तम, पण तो आवडत नसेल तर उकडा तांदूळ घ्या, कारण साळ उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत उतरतं आणि नंतर सडला तरी बरंचसं टिकतं. मैद्याऐवजी न चाळलेलं पीठ. रोज एक वाटीभर शिजवलेली डाळ किंवा कडधान्य, मोठ्या वाटीत साधारण ०.३ मिलिग्रॅम सहज मिळतं. मटारही चांगले. सूर्यफुलाच्या बिया तर भारीच, पण कच्च्या, खमंग भाजल्या की त्यातलं बरंच थायमिन उडून जातं. नॉनव्हेजमध्ये पोर्क सगळ्यात पुढे. दूध आणि फळं यांच्यावर मात्र बी१ साठी भरवसा ठेवू नका.

आता स्वयंपाक, खरी गळती इथेच होते. थायमिन पाण्यात विरघळतं, म्हणून तांदूळ चोळून चोळून पाच पाण्यांनी धुवायची गरज नाही, आणि भाजी-डाळ शिजवलेलं पाणी फेकू नका, आमटीत किंवा सूपमध्ये घाला. आणि तो खायचा सोडा! कडधान्य लवकर शिजावं म्हणून चिमूटभर टाकायची सवय असते, पण सोड्याने पाणी अल्कलाइन होतं आणि त्यात थायमिन टिकतच नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री भिजवा आणि कुकरला लावा, काम तेच होतं. चहा-कॉफीतली काही द्रव्यंही थायमिनच्या आड येतात, सो जेवणाला लागून कप नको, थोड्या वेळाने घ्या. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन मोडणारं एन्झाइम असतं, शिजवलं की प्रश्न मिटला.

गोळ्यांचं म्हणाल तर नीट जेवणाऱ्याला सहसा गरज पडत नाही, जास्तीचं लघवीतून निघून जातं. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ती बी२ मुळे, त्यावरून बी१ किती मुरलं ते कळत नाही.

पण काही जणांनी खरंच सावध राहायचं. रोज दारू पिणारे, वजनाचं ऑपरेशन झालेले, डायलिसिसवाले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या कायमच्या चालू असलेले, आणि गरोदरपणात उलट्या थांबतच नाहीत अशा बायका. सुरुवातीला थकवा, चिडचिड, भूक नसणं असलं मोघम काहीतरी होतं, मग पायांना मुंग्या, पायांतली ताकद जाणं, किंवा सूज, धडधड आणि दम लागणं. मुंग्या बी१२ कमी असल्याने किंवा शुगरमुळेही येतात, त्यामुळे घरी निदान करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि यांच्यापैकी कुणी अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, चालताना तोल जायला लागला, एकाचे दोन दिसायला लागले तर वाट न बघता थेट हॉस्पिटल, आणि तिथे गेल्या गेल्या सांगा की इतके दिवस पोटात नीट काही नाही किंवा रोजचं पिणं आहे, कारण अशा पेशंटला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर त्रास वाढू शकतो, थायमिनचं इंजेक्शन त्याच्या आधी किंवा निदान सोबत तरी जायला लागतं.