या चुका टाळा : बी.एस्सी. जीवशास्त्राचे प्रॅक्टिकल, जर्नल आणि क्षेत्रभेट

जीवशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांची जर्नले तपासताना दरवर्षी एकच गोष्ट खटकते : आकृत्या सुबक असतात, छायांकन नीटनेटके असते, आणि आपण नेमके काय काढले आहे हे काढणाऱ्याला सांगता येत नाही. वरच्या वर्गातील कोणाचे तरी ‘सर्टिफाइड’ जर्नल मिळवायचे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते उतरवून काढायचे, ही रीत इतकी रुळली आहे की तिला चूक म्हटले तर विद्यार्थी चकित होतात.

एका वर्षी कांद्याच्या मुळाग्रातील समसूत्री विभाजनाच्या प्रयोगात संपूर्ण बॅचने पेशीच्या दोन्ही ध्रुवांवर सेंट्रिओलच्या (प्राणिपेशीतील नळीसारख्या सूक्ष्म रचनांच्या) जोड्या काढल्या होत्या. कांद्याच्या पेशीत सेंट्रिओल नसतातच. सपुष्प वनस्पतींत गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंचा स्पिंडल त्यांच्यावाचूनच तयार होतो. परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल मॅडमनी एका मुलाला शांतपणे विचारले, “हे तुला कुठे दिसले?” तो तितक्याच शांतपणे म्हणाला, “मॅडम, चाळीस एक्सला.” मग मॅडमनी ते दाखवायला सांगितले. त्याने बराच वेळ स्लाइड इकडेतिकडे सरकवली आणि शेवटी “आता हलले वाटतं” असे उत्तर दिले. पुढे शोध घेतल्यावर कळले की मूळ आकृती एका गाइडमधील प्राणिपेशीची होती. कोणीतरी तिच्याभोवती चौकोनी पेशीभित्तिका काढून तिचा कांदा केला होता आणि ती एका जर्नलातून दुसऱ्यात अशी वर्षानुवर्षे उतरत आली होती.

यावर माझ्या बॅचला एकच शिस्त आहे. स्लाइड लावल्यानंतर पहिली दहा मिनिटे हातात पेन्सिल घ्यायची नाही, केवळ पाहायचे. आकृतीशेजारी कोणत्या ऑब्जेक्टिव्हखाली (सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडजवळच्या भिंगाखाली) पाहिले ते लिहायचे, आणि पश्चावस्था (गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे ओढली जातात ती अवस्था) दिसली नसेल तर ‘दिसली नाही’ असे लिहायचे. अशा प्रामाणिक पानाला मी पूर्ण गुण देतो, कारण उतरवलेल्या पश्चावस्थेपेक्षा पाहिलेली अंतरावस्था (दोन विभाजनांमधला काळ) केव्हाही मोलाची असते. तसेही मुळाग्रातील शंभर पेशींपैकी बहुसंख्य पेशी अंतरावस्थेतच असतात, कारण पेशीचक्राचा बहुतेक काळ तिच्यातच जातो. ‘सर, काहीच दिसत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला अनेकदा हेच दिसत असते.

खरोखरच काही दिसत नसेल, तर दोष बहुधा स्लाइड करण्याच्या घाईत असतो. विभाजन होते ते मुळाच्या टोकाजवळच्या एकदोन मिलिमीटर भागात. तो भाग अपारदर्शक पांढरा दिसतो आणि रंग अधिक गडद घेतो. जास्त तुकडा घेतला तर जास्त दिसेल अशा समजुतीने मुले सेंटिमीटरभर मूळ ठेवतात आणि मग लांबट, विभाजन थांबलेल्या पेशी न्याहाळत बसतात. एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल हे स्थिरीकरणाचे मिश्रण त्याच दिवशी करावे, कारण ठेवून दिल्यास त्यातील आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर बनू लागते. मागच्या आठवड्यातील उरलेली बाटली वापरणाऱ्यांनी नंतर कांद्याला दोष देऊ नये. नऊ थेंब ॲसिटो-ऑर्सिन या रंगाला एक थेंब एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून काचेची वाटी हलकेच तापवावी, उकळू देऊ नये. आम्लाचे काम पेशींना एकमेकींशी जोडणारे पेक्टिन सैल करणे हे आहे, आणि ते अपुरे झाले की कितीही दाबले तरी पेशी एकावर एक थरानेच राहतात. दाबताना कव्हरस्लिपवर टिपकागदाची घडी ठेवून अंगठा सरळ खाली दाबावा. अंगठा बाजूला घसरला की गुणसूत्रे फरफटतात, आणि मग कोणी सोळा मोजतो तर कोणी तेवीस.

काही चुकांना एकेक वाक्य पुरे आहे. शंभर एक्सचे तेल चाळीस एक्सच्या ऑब्जेक्टिव्हला लावू नये. चाळीस एक्सवर मोठा स्क्रू फिरवू नये. गडद काळ्या कडेचे वाटोळे ‘केंद्रक’ हा बहुतेक वेळा हवेचा बुडबुडा असतो. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सावकाश सोडली तर तो येत नाही. शास्त्रीय नावातील प्रजातीचा (जीनस), तसेच जातीचा (स्पीशीज) शब्द हाताने लिहिताना स्वतंत्रपणे अधोरेखित करावा, दोघांखाली सलग रेघ ओढू नये.

दुसरी माझी खास चीड क्वाड्रॅटची, म्हणजे वनस्पती मोजण्यासाठी जमिनीवर टाकायच्या चौकटीची आहे. कोकणातील एका जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) भाद्रपदात नेलेल्या बॅचने मीटरभर बाजूच्या चौकटी टाकल्या, आणि सगळ्यांच्या तक्त्यांत तेरडा आणि सीतेची आसवे यांचेच राज्य. गवत जवळजवळ नाहीच. ज्या सड्यावर पायाखाली दुसरे काही येत नव्हते, तिथे गवत नाही! चौकट ‘सहज’ टाकली असे सगळेच म्हणत होते. प्रत्यक्षात ती फुलांकडे पाहून, कोरड्या जागी आणि मित्रांच्या घोळक्याजवळ टाकली जात होती. डोळे मिटून मागे फेकणे हाही यादृच्छिक नमुना नव्हे, कारण फेकणारा उभा कुठे राहायचे हे आधीच ठरवतो. मी आदल्या दिवशी चिठ्ठ्यांवर आकडे लिहून खिशात ठेवतो : पहिली चिठ्ठी पूर्वेकडे किती पावले, दुसरी उत्तरेकडे किती. चौकट खडकावर पडली तर ती खडकावरचीच नोंद, डबक्यात पडली तर डबक्यातली. कंटाळवाणे वाटते, पण याला सोपा पर्याय मला अजून भेटलेला नाही, आणि मोबाइलवर फोटो काढून ‘घरी मोजू’ म्हणणाऱ्यांना गवताची जात घरी ओळखता आल्याचेही पाहिलेले नाही.

याच तक्त्यात घनता आणि विपुलता यांची गफलत ठरलेली असते. समजा दहा चौकटींपैकी चारमध्ये मिळून एका वनस्पतीची वीस रोपे सापडली. घनता काढताना भागाकार सर्व दहा चौकटींनी होतो आणि उत्तर दोन येते. विपुलतेसाठी ती ज्या चारमध्ये आढळली तेवढ्यांनीच भागायचे, म्हणजे पाच. आणि वारंवारता चाळीस टक्के. घनता कमी आणि विपुलता जास्त दिसली तर वनस्पती मोजक्या जागी झुपक्याने उगवते असा अर्थ निघतो. हा अर्थ न लिहिता नुसती सूत्रे मांडणाऱ्या तक्त्याला मी निम्मेच गुण देतो.

ऊर्जेचा ‘दहा टक्के नियम’, म्हणजे अन्नसाखळीच्या एका पातळीवरून पुढच्या पातळीला साधारण दहा टक्केच ऊर्जा मिळते हा, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) सर्वांना पाठ असतो. रेमंड लिंडेमन यांच्या 1942 च्या निबंधाशी तो जोडला जातो, परंतु दहा हा ढोबळ आकडा आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण परिसंस्थेनुसार पुष्कळ कमीजास्त होते. त्याच ओघात जैववस्तुमानाचा मनोरा (अन्नसाखळीच्या प्रत्येक पातळीवरील सजीवांच्या एकूण वस्तुमानाची आकृती) नेहमी सरळच, म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळता असतो असे सांगणाऱ्यांनी समुद्राकडे पाहावे : वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिसदृश जीव) झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जाते, त्यामुळे एखाद्या क्षणी त्याचे वस्तुमान त्यावर जगणाऱ्या प्राणिप्लवकापेक्षा कमी भरू शकते. ऊर्जेचा मनोरा मात्र उलटा होत नाही.

क्षेत्रभेटीहून आणलेल्या नमुन्याच्या बाटलीत स्थळ, तारीख आणि अधिवास लिहिलेली चिठ्ठी आतच टाकावी, आणि ती पेन्सिलीने लिहावी, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते आणि झाकणावर लिहिलेले नाव झाकणाबरोबर दुसऱ्या बाटलीवर जाते.