आयटीत जायचंय? कॉलेजच्या चार वर्षांत या चुका टाळा

गोव्यातलं कुठलंही इंजिनिअरिंग कॉलेज घ्या: फर्मागुडीला जा, वेर्ण्याला जा, नाहीतर फातोर्ड्याला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा डेमो सुरू झाला की त्याच त्या गोष्टी बिघडताना दिसतात. मुलं हुशार असतात, राबतातही. पण सगळं राबणं शेवटच्या पंधरवड्यात कोंबतात. कोड लिहिणं हाताला बसायला वेळ लागतो आणि ती सुरुवात पहिल्या सेमिस्टरलाच करावी लागते. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, म्हणून तपशिलात सांगतो.

कोड झिप करून व्हॉट्सॲपवर फिरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोंड्याच्या बाजूचा चौघांचा एक ग्रुप होता. विषय चांगला निवडला होता: कदंबची (गोव्याची सरकारी) बस आता कुठे पोहोचली ते फोनवर दाखवणारं ॲप. काम वाटून घेतलं आणि झिप फाइली फिरू लागल्या. आधी 'फायनल', मग 'फायनल दोन', मग 'फायनल नवीन'. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत एकाने पेडण्याला घरी बसून लॉगिन सुधारलं, दुसऱ्याने वाळपईला बसून नकाशा बदलला. दोघांनी हात लावला तो एकाच फाइलला. सुट्टीनंतर नकाशावाल्याची झिप सगळ्यांनी जुन्या फोल्डरवर उघडली आणि लॉगिनचं काम पुसलं गेलं. हे लक्षात आलं डेमोच्या आदल्या रात्री. चौघे पहाटेपर्यंत तेच परत लिहीत बसले.

सकाळी दुसरं संकट. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये सगळं चालत होतं, फोनवर मात्र नकाशा कोरा. कोडमध्ये सर्व्हरचा पत्ता 'लोकलहोस्ट' असा होता. लोकलहोस्ट म्हणजे प्रोग्राम ज्या यंत्रावर चालतोय तेच यंत्र. त्यामुळे फोन स्वतःमध्येच सर्व्हर शोधत होता. पत्ता बदलला, तरी चालेना, कारण सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्टवरच, ऐकत होता आणि बाहेरून आलेली विनंती घेतच नव्हता. ते सुधारलं तर विंडोजच्या फायरवॉलने (बाहेरून येणाऱ्या विनंत्या अडवणारा पहारेकरी) सर्व्हरचा पोर्ट, म्हणजे विनंती आत येण्याचं दार, अडवला. तोवर परीक्षक पुढच्या ग्रुपकडे गेले होते.

फोनवर डेमो द्यायचा असेल तर निदान आठवडाभर आधी खऱ्या फोनवर चालवून बघा. कॉलेजच्या वाय-फायवर बऱ्याचदा एका यंत्राला दुसरं दिसत नाही, म्हणून लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवून लॅपटॉपचा आयपी पत्ता बघा आणि तो ॲपमध्ये घाला. नेटवर्क बदललं की हा पत्ता बदलू शकतो, तेव्हा डेमोच्या सकाळी परत बघायचा. सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे बाहेरच्या विनंत्याही घेईल असा, ऐकता ठेवा, फायरवॉलमध्ये तेवढ्याच पोर्टला परवानगी द्या. मग फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडा. तिथे उत्तर आलं पण ॲपमध्ये आलं नाही, तर दोष ॲपमध्ये आहे. अँड्रॉइड ९ पासून साधं (एन्क्रिप्ट न केलेलं) एचटीटीपी मुळातच बंद असतं, त्याची परवानगी ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहावी लागते. एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) वापरत असाल तर लॅपटॉपचा पत्ता १०.०.२.२.

आणि झिप कायमची बंद. गिट शिका, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. रोज लागणाऱ्या कमांड एका दुपारी शिकून होतात. काम सुरू करण्याआधी पुल (इतरांचे बदल आपल्याकडे घेणं), एक छोटी गोष्ट चालू लागली की कमिट (बदलाची नोंद करणं), जागेवरून उठण्याआधी पुश (आपले बदल सर्व्हरवर पाठवणं). पावसात लाईट कधी जाईल आणि राउटर कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून पुश उद्यावर ठेवू नका. प्रत्येकाची ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र फांदी, वेगळी. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर मर्ज करताना (फांद्या एकत्र करताना) गिट 'कॉन्फ्लिक्ट' म्हणून थांबतं. मुलं याला फार घाबरतात. घाबरू नका, ते थांबतं म्हणूनच कुणाचं काम गुपचूप पुसलं जात नाही.

पुश करताना गिटहबने (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट) पासवर्ड नाकारला तर पासवर्ड चुकला असं समजून दहादा टाइप करू नका. ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड चालतच नाही, टोकन किंवा एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायच्या ओळखीच्या किल्ल्या) लागते. 'नोड मॉड्यूल्स' (डाउनलोड केलेल्या लायब्ररींचं) फोल्डर आणि 'डॉट ईएनव्ही' (गुप्त माहितीची) फाइल ही दोन्ही पहिल्या कमिटच्या आधीच 'डॉट गिटइग्नोअर'मध्ये, म्हणजे गिटने काय सोडून द्यायचं त्या यादीत, लिहा. एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून वर गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. आधी ती की रद्द करा, नवी घ्या, मग बाकीची साफसफाई.

एरर न वाचता एआयला चिकटवणं

लाल अक्षरं दिसली की कॉपी, पेस्ट, उत्तर आलं की परत पेस्ट. पहिल्या दोन वर्षांत या सवयीने जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. पायथनमध्ये बबल सॉर्ट (शेजारचे आकडे अदलाबदल करत यादी चढत्या क्रमाने लावणं) लिहिलाय, यादी आहे ५, १, ४, २, ३. आतला लूप शेवटच्या आकड्यापर्यंत जातो आणि त्याची तुलना 'पुढच्या' आकड्याशी करू बघतो. पुढचा आकडाच नाही, म्हणून 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज' ही एरर येते. आता कुणी 'एरर घालव' एवढंच सांगितलं आणि सगळ्या लूपभोवती 'ट्राय-एक्सेप्ट' (एरर आली तरी गप्प पुढे जाणारी रचना) आलं, की लाल अक्षरं जातात. छापून येतं १, ४, २, ३, ५. पहिली फेरी पूर्ण झाली, सगळ्यात मोठा आकडा शेवटी गेला आणि तिथेच एरर येऊन बाकीच्या फेऱ्या राहिल्या. यादी अर्धवट लागलेली आणि तक्रार करणारं कुणी उरलेलं नाही. खरी दुरुस्ती एवढीच: आतला लूप एक पाऊल आधी थांबवायचा.

पायथनची एरर खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत. जावात पहिली ओळ वाचा, मग 'कॉज्ड बाय' शोधा, आणि खाली येत स्वतःच्या फाइलचं नाव दिसेल तिथे थांबा. वहीत लूपच्या पहिल्या तीन आणि शेवटच्या फेरीतल्या किमती लिहा. वीस मिनिटं एवढं करूनही अडलंत तर खुशाल विचारा, पण 'दुरुस्त कर' असं न म्हणता 'हे का होतंय' असं विचारा.

इन्स्टॉल केलेलं पॅकेज पायथनला सापडत नसेल, तर मशीनवर बहुधा दोन पायथन आहेत. 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' असं लिहा, म्हणजे जो पायथन चालवताय त्यातच पॅकेज जाईल.

बाकीच्या, थोडक्यात

व्हिडिओ बघणं म्हणजे शिकणं नव्हे. व्हिडिओ बंद करून तोच प्रोग्राम कोऱ्या फाइलमध्ये लिहिता आला तरच आला म्हणा. वाळपई-फोंडा बसमध्ये रेंज जाते-येते, तेव्हा डॉक्युमेंटेशन घरीच डाउनलोड करा आणि बसमध्ये वाचा.

गणिताचा बॅक (नापास राहिलेला विषय) पुढे ढकलू नका. पुष्कळ कंपन्या चालू बॅक असलेल्याला लेखी परीक्षेलाही बसू देत नाहीत. शिवाय डिस्क्रीट मॅथ्स आणि प्रोबॅबिलिटी कच्चं असेल तर अल्गोरिदम आणि मशीन लर्निंग दोन्हींत अडाल.

तयार प्रोजेक्ट विकत घेऊ नका. दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडता.

रेझ्युमेवर नऊ भाषा लिहू नका. दोन लिहा, ज्यांतलं काहीही विचारलं तरी चालेल.

इंटर्नशिप सातव्या सेमिस्टरवर ढकलू नका. दुसऱ्या वर्षाच्या मेच्या सुट्टीत वेर्णा, पर्वरी किंवा पणजीतल्या एखाद्या छोट्या कंपनीत नुसतं टेस्टिंग मिळालं तरी घ्या. दुसऱ्याने लिहिलेला मोठा कोड कसा वाचायचा हे तिथे समजतं, वर्गात नाही.

मराठी शाळेतून आलेल्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. विषय पक्का असूनही इंटरव्ह्यूत इंग्रजीपाशी अडखळायला होतं आणि मग मुलं व्याकरणाचे क्लास लावतात. त्यापेक्षा आपला प्रोजेक्ट तीन मिनिटांत इंग्रजीत मोठ्याने सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. काय बनवलं, कुणासाठी, आत कुठले भाग, सगळ्यात अवघड काय गेलं, ते कसं सोडवलं: हाच क्रम. मग ऐका. जिथे थांबलात तिथे शब्द अडला की मुद्दाच नीट समजलेला नाही, हे बघा. शब्द अडला असेल तर वाक्य सोपं करा; मुद्दा अडला असेल तर कोड उघडा आणि तेवढा भाग परत वाचा.