ॲडसेन्सचे पैसे अडकले? या चुका टाळा

ॲडसेन्स ही आपल्या वेबसाइटवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा. महिन्याची २६ तारीख उलटली आणि बँकेचा मेसेज आला नाही, की बरेच वेबसाइटवाले थेट बँकेची शाखा गाठतात. तिथला कर्मचारी 'आमच्याकडे काही आलेलं नाही' म्हणतो आणि माणूस हात हलवत परत येतो. शाखेत जाण्याआधी ॲडसेन्समधलं 'पेमेंट्स' उघडा आणि ट्रान्झॅक्शन्सची यादी बघा. त्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान 'ऑटोमॅटिक पेमेंट' अशी ओळ असेल, तर पैसे गूगलकडून निघालेले आहेत आणि शोध बँकेकडे घ्यायचा. ओळच नसेल, तर पैसे निघालेलेच नाहीत आणि अडथळा तुमच्या ॲडसेन्स खात्यात आहे. पैसे उशिरा येण्याच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींत पहिला प्रश्न हाच असतो. तो न विचारता पाठवलेले मेल आठवडेच्या आठवडे खातात.

तारखांचा हिशेब चुकतो

ॲडसेन्सच्या पहिल्या पानावर रोज दिसणारी कमाई अंदाजी असते. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत ती पक्की होते. खोटे क्लिक आणि पैसे बुडवलेले जाहिरातदार यांची रक्कम त्यातून वजा होते. उरलेला आकडा पेमेंट्सच्या पानावर शिल्लक म्हणून चढतो. ही शिल्लक १०० डॉलरला पोचलेली हवी आणि २० तारखेपर्यंत खात्यावर एकही अडकाव, म्हणजे पेमेंट रोखणारा 'होल्ड', नको. मगच २१ ते २६ दरम्यान पैसे सुटतात.

एक उदाहरण घ्या. जूनची पक्की कमाई ५८ डॉलर, जुलैची ४१. बेरीज ९९. ऑगस्टमध्ये काहीच मिळणार नाही, कारण एक डॉलर कमी पडला. ऑगस्टमध्ये आणखी ३५ डॉलर झाले, तर सगळे १३४ डॉलर सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात निघतील आणि बँकेत पोचायला महिनाअखेर होईल. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यातला क्लिक सप्टेंबरअखेर हातात पडला. यात कुणाचीही चूक नाही. पण होस्टिंगचं बिल जुलैत भरायचं ठरवलं असेल, तर अडचण नक्की होते. नवीन वेबसाइट असेल तर पहिल्या पेमेंटसाठी बरेच महिने धरूनच चाला.

२० तारखेचं महत्त्व बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बँक खातं बदलायचं असो, पत्ता तपासणीचा पिन टाकायचा असो, ओळखपत्र द्यायचं असो, ते २० च्या आत पुरं व्हायला हवं. २१ ला दुरुस्ती केली तर पैसे पुढच्या महिन्यात. त्यामुळे दर महिन्याच्या ४-५ तारखेला एकदा पेमेंट्सचं पान उघडून वरती लाल किंवा पिवळी पट्टी नाही ना, एवढं बघायची सवय लावा. दुरुस्तीला पंधरा दिवस हातात राहतात.

त्याच पानाच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी आपणच कधीतरी बदललेल्या असतात आणि नंतर विसरतो. एक म्हणजे पेमेंटची किमान मर्यादा १०० वरून वाढवून ठेवलेली असते. दुसरी म्हणजे अमुक तारखेपर्यंत पेमेंट थांबवा, हा पर्याय निवडलेला असतो. तो वर्षभरापर्यंत पैसे रोखून धरू शकतो. आणि यूट्यूब चॅनेलही असेल तर लक्षात ठेवा: २०२२ पासून यूट्यूबची आणि वेबसाइटची शिल्लक वेगळी धरली जाते. वेबसाइटचे ७० आणि यूट्यूबचे ६० मिळून १३० होत नाहीत. दोन्हीकडे स्वतंत्रपणे १०० गाठावे लागतात.

पिनचं पत्र

शिल्लक १० डॉलरला पोचली की पत्ता तपासण्यासाठी सहा अंकी पिन असलेलं पत्र साध्या टपालाने निघतं. ते यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिला पिन तयार झाल्यापासून चार महिन्यांत तो टाकला नाही, तर पैसे तर अडतातच, शिवाय वेबसाइटवर जाहिराती दिसणंही बंद होतं. तीनदा चुकीचा आकडा टाकला तरी तेच.

आपल्याकडे इथे एक साधा गोंधळ होतो. पत्त्यातला पिनकोड सहा अंकी आणि हा पिनही सहा अंकी. पानावर 'पिन टाका' दिसलं की ४१६०१२ सारखा आपल्या पोस्टाचा आकडा टाकणारे लोक आहेत. तीनपैकी एक संधी अशी फुकट जाते.

दुसरी चूक पत्त्याची. गावाकडचा पत्ता 'मुक्काम पोस्ट', तालुका, जिल्हा असा पूर्ण लिहा. शहरात सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट क्रमांक आणि जवळची ओळखीची खूण टाका. आणि पोस्टमनला खरंच सांगून ठेवा. हे पत्र एखाद्या जाहिरातीच्या पत्रकासारखं दिसतं, घरातले लोक न उघडता रद्दीत टाकतात. तीन आठवड्यांत आलं नाही तर त्याच पानावरून नवा पिन मागवा, पण आधी पत्ता तपासा. चुकीच्या पत्त्यावर दुसरं पत्र मागवून काय मिळणार? पिन मागवायच्या संधी मोजक्याच असतात.

नाव तीन ठिकाणी तीन

बरीच पेमेंट इथे परत जातात, म्हणून जरा थांबून बघा. ॲडसेन्सच्या पेमेंट प्रोफाइलवरचं नाव, ओळखपत्रावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव ही तीनही जुळायला हवीत. मराठी नावांत हे सहज जमत नाही. जुन्या पासबुकात आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव. पॅन कार्डावर क्रम उलटा. ॲडसेन्स उघडताना मात्र माणूस फक्त नाव आणि आडनाव टाकतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं पॅन माहेरच्या नावाचं आणि पासबुक सासरच्या नावाचं, असंही असतं.

ओळख पटवण्याची सूचना आली की ४५ दिवसांची मुदत मिळते. घाईने अस्पष्ट फोटो चढवू नका. कार्डाचे चारही कोपरे दिसायला हवेत, फ्लॅशची चमक अक्षरांवर नको. आधी प्रोफाइलवरचं नाव कार्डावर आहे तसं, त्याच क्रमाने करून घ्या आणि मग कार्ड चढवा. बँकेच्या खान्यात मात्र नाव पासबुकात छापलंय तसंच, मधल्या नावासकट. फरक फार मोठा असेल, तर बँकेतलं नाव पॅनप्रमाणे दुरुस्त करून घेणं हाच टिकाऊ उपाय. वेळ जातो, पण पुढच्या दर महिन्याची कटकट मिटते.

परदेशी गेलेल्यांसाठी एक गोष्ट. ॲडसेन्स खात्याचा देश बदलता येत नाही. पुण्याहून दुबईला स्थायिक झालात, तर शिल्लक काढून जुनं खातं बंद करायचं आणि नव्या देशात नवं उघडायचं. शिवाय भारतातलं साधं बचत खातं अनिवासी झाल्यावर एनआरओ म्हणजे अनिवासींच्या रुपयातल्या खात्यात बदलून घ्यायचं असतं. ते राहून गेलं असेल, तर बँक परदेशातून आलेली रक्कम अडवू शकते.

पैसे निघाले, पण बँकेत दिसत नाहीत

बँक तपशिलात नेहमीची गफलत स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येताना बँक ओळखणारा) आणि आयएफएससी (देशातल्या व्यवहारांसाठी शाखा ओळखणारा) यांची होते. आयएफएससी नेहमी ११ अक्षरांचा आणि त्याचं पाचवं अक्षर शून्य. स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा. त्यात पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवं-सहावं मिळून भारताची खूण, म्हणजे 'आय' आणि 'एन'. दोन्ही अकरा अक्षरी असले की एकाच्या जागी दुसरा जातो. कोड भरल्यावर पाचव्या अक्षरावर बोट ठेवून बघा: शून्य दिसलं तर तो स्विफ्ट नाही.

तुमच्या शाखेचा स्विफ्ट कोड नसेल तर बिघडत नाही. बहुतेक शाखांचा नसतोच. शाखेत जाऊन 'परदेशातून पैसे येण्यासाठी कोणता स्विफ्ट कोड द्यायचा' असं विचारा. ते परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेचा कोड देतील. इंटरनेटवरच्या याद्यांवर विसंबू नका, विशेषतः विलीन झालेल्या बँकांसाठी. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन २०२० मध्ये युनियन बँकेत. त्यांचे जुने कोड अजून कुठे कुठे फिरत असतात. खाते क्रमांक पूर्ण टाका. स्टेट बँकेचा क्रमांक ११ अंकी असतो, पण काही कागदांवर पुढे शून्यं लावून १७ अंकी छापलेला दिसतो. ११ अंकीच वापरा.

पतसंस्थेतलं किंवा बहुतेक लहान सहकारी बँकांतलं खातं या कामाला चालत नाही. परकीय चलन थेट घेण्याची सोय तिथे नसते. गावात तेवढीच एक शाखा असेल, तरी तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेत एक खातं उघडून ठेवा. आणि त्या खात्यात वर्षातून दोन-चार व्यवहार स्वतः करा. दोन वर्षं तुमचा एकही व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. थकलेल्या केवायसीनेही पैसे अडतात.

पैसे पाठवणारी कंपनी गूगल एशिया पॅसिफिक, म्हणजे सिंगापूरची. रक्कम बँकेत आल्यावरही कधी कधी ती थेट जमा होत नाही. बँक मेल करून विचारते की हे पैसे कशाचे. हा मेल स्पॅममध्ये जातो आणि रक्कम परकीय चलन विभागात पडून राहते. उत्तरात परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले हे सांगणारा कोड, द्यावा लागतो. जाहिरात सेवेसाठी तो पी१००७ आहे. सोबत गूगलची पेमेंट पावती जोडा. ट्रान्झॅक्शन्समधल्या पेमेंटच्या ओळीवर क्लिक केलं की ती मिळते. निघाल्यावर दोन आठवड्यांतही रक्कम दिसली नाही, तर तीच पावती घेऊन परकीय चलन विभागाला लेखी विचारा. तारीख, रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदर्भ क्रमांक लिहा. रक्कम जमा झाली की एफआयआरए म्हणजे परदेशी रक्कम आल्याचं पत्र दर वेळी मागून घ्या. पुढे जीएसटीत सेवा निर्यात दाखवायची वेळ आली तर पुरावा तोच.

बँकेने रक्कम परत पाठवली, तर ती पुन्हा ॲडसेन्सच्या शिलकीत चढते आणि खात्यावर अडकाव लागतो. तपशील दुरुस्त करून तो काढल्याशिवाय पुढच्या महिन्याचंही निघत नाही. बँकेने उत्तरच दिलं नाही, तर लेखी तक्रारीला ३० दिवस द्या आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत.

'तुमचं अडकलेलं पेमेंट सोडवून देतो' म्हणणाऱ्यांना मात्र पासवर्ड, ओटीपी किंवा तो पिन कधीही देऊ नका.

ॲडसेन्सखेरीज इतर जाहिरात नेटवर्क

इथे करारातला 'नेट' हा शब्द नीट वाचा. नेट-६० म्हणजे महिना संपल्यावर ६० दिवस. जानेवारीची कमाई १ एप्रिलच्या सुमारास. मीडियाव्हाइनसारख्या नेटवर्कचा नेट-६५ असतो. दिवस महिनाअखेरपासून मोजायचे की बिल पोचल्यापासून, हे सही करण्याआधी मेलवर विचारून घ्या.

करारात 'जाहिरातदाराकडून पैसे आल्यावरच देय' असं कलम असेल, तर जोखीम तुमच्या गळ्यात आहे. २०२३ च्या जूनअखेर मीडियामॅथ ही अमेरिकी जाहिरात-खरेदी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्याकडून येणी असलेल्यांत मोठी मोठी जाहिरात एक्स्चेंज, म्हणजे जाहिरातींच्या जागेची खरेदी-विक्री घडवणाऱ्या कंपन्या होत्या, आणि पुण्यात मोठं कार्यालय असलेली पबमॅटिकही त्यात होती. अशा वेळी साखळीच्या शेवटच्या टोकाला असतात छोटे प्रकाशक, म्हणजे आपल्यासारखे वेबसाइटवाले. म्हणून सगळी जागा एकाच नेटवर्कला देऊ नका. एक हप्ता चुकला की त्यांच्या जाहिराती निम्म्या करा, दुसरा चुकला की काढून टाका. थकबाकी वाढू दिली तर ती मागण्याची ताकदही कमी होते.

भारतातल्या एजन्सीने किंवा नेटवर्कने थकवलं असेल, तर कायद्याचा आधार आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. त्यासाठी उद्यम, म्हणजे सरकारकडची उद्योगाची, नोंदणी लागते. ती मोफत आहे आणि आधार व पॅनवर घरबसल्या होते. पण ती काम करण्याआधी झालेली हवी. पैसे थकल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांसाठी हा आधार मिळेल, असं गृहीत धरू नका. म्हणून पहिलं बिल पाठवायच्या आधीच उद्यम क्रमांक काढा आणि तो प्रत्येक बिलावर, देय तारखेच्या शेजारी छापा.